भूकंपाच्या हादऱ्यांचा धोका-नकाशा : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला धक्का ओळखायला शिकवावे लागत नाही. आधी डोंगराच्या पोटातून घुमणारा आवाज येतो, मग मांडणीवरची ताटे किणकिणतात आणि काय झाले हे कळेपर्यंत सारे शांत होते. मी याच भागात लहानाचा मोठा झालो आणि आज स्थापत्य अभियंता म्हणून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत काम करतो. घर बांधताना, जुने घर दुरुस्त करताना किंवा फ्लॅट घेताना लोक मला देशाच्या भूकंप-नकाशाबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

१. भूकंप-धोक्याचा नकाशा म्हणजे नेमके काय? पुढचा भूकंप कुठे होणार, हे त्यावरून कळते का?

नाही. हा नकाशा भूकंपाचे भाकीत करत नाही. देशातल्या प्रत्येक ठिकाणी, ठरावीक वर्षांच्या काळात, ठरावीक शक्यतेने जमीन किती जोराने हादरू शकते, एवढेच तो सांगतो. हा जोर बहुतेक वेळा जमिनीच्या कमाल त्वरणाच्या रूपात मांडतात आणि तो गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत मोजतात. एखाद्या ठिकाणी हा आकडा ०.१ असेल, तर जमिनीबरोबर अखंड हलणाऱ्या १० टन वजनाच्या भिंतीवर सुमारे १ टनाचा आडवा जोर येतो, आणि तो एकाच बाजूने येऊन थांबत नाही, तर सेकंदात अनेक वेळा आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी येतो. आपली घरे वरून येणारे वजन पेलण्यासाठी बांधलेली असतात, त्यामुळे त्यांना हा आडवा जोर सहसा झेपत नाही. म्हणून इमारतीचा हिशेब करणाऱ्याला भूकंपाच्या तारखेपेक्षा या आकड्याची गरज जास्त असते.

२. बातमीत “३.२ रिश्टर तीव्रतेचा धक्का” असे लिहितात. नकाशावरची तीव्रता ती हीच का?

नाही, आणि हा घोळ मराठीत फार जुना आहे. भूकंपात जमिनीखाली एकूण किती ऊर्जा मोकळी झाली याच्या मापाला महत्ता म्हणतात. एका भूकंपाची महत्ता एकच असते, मग तुम्ही कोयनानगरात असा किंवा विट्यात. तीव्रता म्हणजे तुमच्या जागी हादरा कसा जाणवला आणि त्याने काय नुकसान केले याचे माप, त्यामुळे ती गावागणिक बदलते. एकाच भूकंपात हेळवाकच्या घराची भिंत पडेल, कऱ्हाडात भेगा जातील आणि जतमध्ये फक्त टांगलेला दिवा हलेल. धोक्याचा नकाशा दुसऱ्या प्रकारच्या मापाचा, म्हणजे जागेवरच्या हादऱ्याचा असतो. बातम्यांत ‘तीव्रता’ हा शब्द महत्तेसाठीच रूढ झाला आहे, तो आता बदलेल असे वाटत नाही, पण नकाशा वाचताना हा फरक लक्षात ठेवावाच लागतो.

३. असा नकाशा तयार कसा करतात?

पहिले काम नोंदींचे. देशात आणि शेजारी झालेल्या सगळ्या ज्ञात भूकंपांची यादी करतात, त्यात उपकरणांनी मोजलेले भूकंप येतात आणि जुन्या कागदपत्रांतून कळलेलेही येतात. मोठ्या भूकंपामागून येणारे उत्तरधक्के या यादीतून वेगळे काढतात, कारण एकाच घटनेची पिल्ले स्वतंत्र भूकंप म्हणून मोजली तर हिशेब फुगतो. हे काम हिमालयात अवघड आहे आणि कोयनेत त्याहून अवघड, कारण इथे मोठा धक्का आणि त्याची पिल्ले अशी सरळ रचना नेहमी दिसत नाही. कित्येकदा लहानमोठे धक्के झुंडीने येतात आणि त्यांत मुख्य कोणता हे ठरवणे जिकिरीचे होते.

दुसरे काम भूकंप कुठून येऊ शकतात ते ठरवण्याचे. ज्ञात भ्रंश, म्हणजे खडक ज्या पृष्ठावर तुटून सरकलेले आहेत त्या जागा, नकाशावर आखतात. जिथे भ्रंश स्पष्ट दिसत नाहीत तिथे सारख्या स्वभावाचा प्रदेश एका क्षेत्रात घेतात. प्रत्येक क्षेत्रात कोणत्या महत्तेचे भूकंप किती वेळा होतात याचे गणित गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या संबंधावर चालते. ढोबळमानाने, महत्ता एकाने वाढली की भूकंपांची संख्या सुमारे दहापटीने कमी होते. चार महत्तेचे शंभर धक्के बसलेल्या प्रदेशात पाचचे दहाएक आणि सहाचा एखादा अपेक्षित धरतात.

तिसरे काम हादरा अंतराबरोबर कसा विरतो हे ठरवण्याचे. दख्खनचा खडक जुना, थंड आणि सलग असल्याने त्यातून लाटा हिमालयाच्या चुरडलेल्या खडकांपेक्षा दूरवर टिकतात, म्हणून दुसऱ्या देशात बनवलेली समीकरणे इथे डोळे मिटून वापरता येत नाहीत. यानंतर सगळा देश लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनासाठी, प्रत्येक संभाव्य स्रोत, प्रत्येक महत्ता आणि प्रत्येक अंतर यांचा एकत्र हिशेब करतात. संभाव्यतेवर आधारलेली ही पद्धत अॅलिन कॉर्नेल यांनी १९६८ मध्ये मांडली. १९९२ ते १९९९ या काळात झालेल्या जागतिक भूकंप-धोका प्रकल्पात तीच वापरली गेली आणि आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी तयार झालेला भारताचा संभाव्यता-नकाशाही त्याच वाटेने गेला.

या सगळ्यात माणसाच्या निर्णयाची जागा मोठी आहे, हे लोकांना फारसे सांगितले जात नाही. कोयनेभोवतीचे क्षेत्र किती मोठे आखायचे, हा एकच निर्णय घ्या. ते आखडते घेतले, तर सगळे धक्के सुमारे २० गुणिले ३० किलोमीटरच्या पट्ट्यात कोंबले जातात, तिथला आकडा चढतो आणि बाकीचा दख्खन निर्धास्त दिसतो. ते पसरून घेतले, तर कोयनेचा आकडा उतरतो आणि सोलापूर-लातूरचा थोडा चढतो. दोन्ही बाजूंनी जाणकार लोक प्रामाणिकपणे बोलू शकतात, म्हणून चांगल्या नकाशात दोन्ही पर्याय घेऊन त्यांना वजन देतात आणि उत्तराभोवतीची अनिश्चितताही छापतात. नकाशा पाहताना तो कोणी केला यापेक्षा त्यांनी अशा ठिकाणी काय गृहीत धरले, हे आधी पाहावे असे मला वाटते.

४. “४७५ वर्षांतून एकदा” असे लिहिलेले असते. म्हणजे कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर पुढची ४७५ वर्षे आम्ही सुरक्षित का?

मुळीच नाही. सांगलीकरांना हे पूररेषेवरून चटकन समजेल. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. पण कृष्णेने २००५ मध्ये शहरात पाणी आणले आणि २०१९ मध्ये त्याहून वर चढवले, तेव्हा तिने वर्षे मोजली नव्हती. आवर्तनकाळ ही दीर्घकाळची सरासरी असते, तिला वेळापत्रक समजू नये.

भूकंप-नकाशांत सर्रास वापरला जाणारा निकष असा : ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के असेल एवढा हादरा. याचाच आवर्तनकाळ सुमारे ४७५ वर्षे निघतो. घर १०० वर्षे उभे राहिले, तर तो हादरा ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे १९ टक्के होते, आणि खुद्द ४७५ वर्षांत ती सुमारे ६३ टक्के असते. म्हणजे ४७५ वर्षांतही तो नक्की येईलच असे नाही आणि उद्या येणार नाही असेही नाही. अधिक महत्त्वाच्या बांधकामांसाठी ५० वर्षांत २ टक्के, म्हणजे सुमारे २,४७५ वर्षांचा निकष घेतात.

५. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचा या नकाशाशी काय संबंध आहे?

फार जवळचा. भारतीय मानक संस्थेने आयएस १८९३ या संहितेतून देशाचा पहिला अधिकृत भूकंपक्षेत्र-नकाशा १९६२ मध्ये काढला, त्यात शून्य ते सहा अशी सात क्षेत्रे होती (आकडा जितका मोठा, तितका धोका जास्त). १९६६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्या काळी दख्खनचे पठार स्थिर आणि निर्धोक समजले जात होते आणि कोयनेचा परिसरही कमी धोक्याच्या भागात मोडत होता. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवले जाऊ लागले आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, ६.३ महत्तेचा भूकंप झाला. गावे झोपेत होती. सुमारे दोनशे माणसे दगावली, हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरण उभे राहिले, पण त्याच्या न-सांडव्याच्या, म्हणजे वरून पाणी न सोडल्या जाणाऱ्या भागातील काही खंडांना भेगा पडल्या आणि पुढे त्या भागाला काँक्रीटचे आधार देऊन तो मजबूत करावा लागला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत आजवरचा सर्वांत मोठा म्हणून जगभर याच भूकंपाचे नाव घेतात. चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या धरणांजवळही सहाच्या पुढचे भूकंप झाले आहेत.

१९७० च्या आवृत्तीत सात क्षेत्रांची पाच क्षेत्रे झाली आणि कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. आमच्या खोऱ्यातल्या माणसांनी घरे आणि माणसे गमावल्यानंतर देशाच्या नकाशावरचा रंग बदलला, ही गोष्ट मला हा नकाशा हाती घेतला की दरवेळी आठवते.

६. कोयनेत लहान धक्के सतत बसतात. त्यामुळे साठलेला ताण मोकळा होतो आणि मोठा धोका टळतो, हे खरे का?

चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सर्वत्र ऐकू येणारा हा समज आहे आणि तो चुकीचा आहे. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या हिशेबाने ६.३ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ३ महत्तेचे सुमारे ९० हजार धक्के लागतील. लहान धक्क्यांनी मोठ्याची भरपाई होत नाही. उलट, ज्या प्रदेशात लहान धक्के जास्त, तिथे गुटेनबर्ग-रिश्टर संबंधानुसार मोठ्यांची शक्यताही जास्त धरावी लागते.

कोयना-वारणा पट्ट्यात १९६७ पासून पाच किंवा त्याहून अधिक महत्तेचे वीसहून अधिक भूकंप नोंदले गेले आहेत. चांदोलीच्या वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि पुढच्या काळात धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे, शिराळ्याच्या दिशेने पसरले. डिसेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये वारणेच्या परिसरात पाचच्या पुढचे धक्के बसले. म्हणून ‘कोयनेचा भूकंप’ हा केवळ साताऱ्याचा विषय राहिलेला नाही.

जलाशयातले पाणी भूकंप निर्माण करत नाही. खडकात ताण आधीपासून असतो आणि भ्रंश तुटण्याच्या बेतात असतो. पाण्याचे वजन आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब त्याला अखेरचे निमित्त पुरवतात. जलाशय चढल्यावर आणि पुन्हा उतरू लागल्यावर धक्क्यांची संख्या वाढते, असे अनेक वर्षांच्या नोंदींत दिसते. ही यंत्रणा नीट समजावी म्हणून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाचीला खोल छिद्रणाची प्रयोगशाळा उभारली आणि पाटण तालुक्यात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन केले. तिथे काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटरवर संपून खाली ग्रॅनाइटसदृश पायाभूत खडक लागला. धक्के याच खालच्या खडकात उगम पावतात.

७. आमचे गाव झोन चारमध्ये आणि शेजारचे झोन तीनमध्ये आहे. त्यांना धोका नाही का?

२००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत देशाची दोन ते पाच अशी चार क्षेत्रे (झोन) होती आणि त्यांचे क्षेत्रगुणक, म्हणजे त्या क्षेत्रासाठी धरायच्या हादऱ्याचे आकडे, अनुक्रमे ०.१०, ०.१६, ०.२४ आणि ०.३६ होते. त्यांत कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात आणि सातारा-सांगलीचा बराचसा उर्वरित भाग तिसऱ्या क्षेत्रात येत होता. कागदावर रेघ आली की अलीकडे ०.२४ आणि पलीकडे ०.१६ असा फरक पडतो, पण जमिनीखाली अशी पायरी नसते, तिथला हादरा अंतराबरोबर हळूहळू उतरत जातो. कोयनानगरपासून सरळ रेषेत पाटण सुमारे १६, सातारा सुमारे ४०, कऱ्हाड सुमारे ४५ आणि सांगली शंभराहून थोडे अधिक किलोमीटरवर आहे. रेघेपासून चार-पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर वरच्या क्षेत्राचा आकडा धरावा, असे मी माझ्या ग्राहकांना सांगतो. खर्चात पडणारा फरक लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो.

तो किती, ते पाहा. २०१६ च्या संहितेप्रमाणे साध्या तीन मजली काँक्रीट सांगाड्याच्या घरावर, चौथ्या क्षेत्रात, वजनाच्या ६ टक्के आडवा भार धरावा लागतो आणि तिसऱ्या क्षेत्रात ४ टक्के. हा आकडा इतका लहान का, असा प्रश्न पडायला हवा. क्षेत्रगुणक निम्मा करून, अडीचने गुणून, मग पाचने भागलेला असतो. पाचने भागण्याची मुभा संहिता एका अटीवर देते : हादऱ्यात सांगाडा वाकेल, भेगाळेल, पण मोडून पडणार नाही अशी सळ्यांची बांधणी केलेली असली पाहिजे. खांबातल्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात नेलेले हवे. मी कित्येक साइटवर खांबाशी उकिडवे बसून पाहिले आहे, टोक ९० अंशांवर वळवून सोडलेले असते, कारण तसे वळवायला सोपे जाते. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट निखळले की असे टोक उघडते, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. मग पाचने भागलेला हिशेब त्या घराला लागू राहत नाही. गावाचा झोन कोणता यावर तासभर वाद घालणाऱ्या घरमालकाने स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे रिंगा पाहिल्या तर त्याच्या कुटुंबाचे अधिक भले होईल.

८. कृष्णाकाठची काळी जमीन आणि पाटणचा कातळ यांत फरक पडतो का? नकाशात तो धरलेला असतो का?

फरक पडतो आणि देशाच्या नकाशात तो सहसा धरलेला नसतो. असा नकाशा साधारणपणे कठीण खडक किंवा घट्ट जमीन गृहीत धरून काढतात आणि तुमच्या जागेच्या मातीचा हिशेब वेगळा करावा लागतो. मऊ, जाड थरात लाटांचा वेग कमी होतो, त्यामुळे त्यांची उंची वाढते आणि हादरा जास्त वेळ रेंगाळतो. १९८५ मध्ये मेक्सिको शहर भूकंपाच्या उगमापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर असूनही जुन्या तळ्याच्या गाळावर उभे असलेले भाग उद्ध्वस्त झाले. २००१ च्या भुज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यात मातीचा वाटा होता आणि सदोष बांधणीचाही.

आपल्याकडे हा फरक विहिरीच्या कडेला उभे राहिले की दिसतो. पाटण किंवा कोयनेच्या काठावर हातभर मातीखाली मुरूम आणि लगेच कातळ लागतो. सांगलीत, नदीकडच्या जमिनीत, खोदत जावे तसे आधी काळी चिकण माती, तिच्याखाली पिवळसर गाळमाती, कुठे वाळूचा पट्टा, मग मुरूम, मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा पाषाण. कातळापर्यंतचे हे अंतर दोन गल्ल्यांतही बदलते. म्हणून सांगली कोयनेपासून दूर आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. संहितेच्या हिशेबात दोन-तीन मजली घराला खडकावर आणि मऊ मातीवर जवळपास सारखाच भार येतो. इमारत उंच होऊन तिचा झोका सुमारे एक सेकंदाचा झाला, म्हणजे साधारण दहा मजल्यांच्या आसपास गेली, की मऊ जमिनीवर धरायचा भार खडकाच्या तुलनेत दीडपटीहून अधिक, सुमारे १.६७ पट होतो. सांगली-मिरजेत आता उंच इमारती होत आहेत. तिथे माती-तपासणीचा अहवाल फाइलला लावण्यापुरता न करता खरोखर विंधन घेऊन करावा. वाळूचा सैल आणि पाण्याने भरलेला थर सापडला, तर हादऱ्यात तो क्षणभर द्रवासारखा वागू शकतो. चिकण मातीला हा धोका सहसा नसतो, पण ओढे-नाले बुजवून केलेल्या प्लॉटवर काय भरले आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही.

९. १९६७ मध्ये धरणावर ०.६३ इतके त्वरण नोंदले गेले म्हणतात. मग झोन चारचा आकडा ०.२४ कसा?

नोंद खरी आहे. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या उपकरणावर एका आडव्या दिशेत गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट कमाल त्वरण मिळाले आणि भूकंप-अभियांत्रिकीत ही नोंद आजही अभ्यासली जाते. ते टोक अगदी क्षणिक होते, उगमाच्या अगदी जवळचे होते आणि जलद कंपनांचे होते. क्षेत्रगुणक हा सबंध मोठ्या प्रदेशासाठी धरलेला, इमारतीवर प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या हादऱ्याचा ढोबळ आकडा असतो. तरीही यातून घ्यायचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. उगमाजवळच्या गावांत नकाशावरच्या आकड्याहून मोठा हादरा येऊ शकतो, त्यामुळे तो आकडा किमान समजूनच बांधावे.

१०. धरणे आणि मोठे पूल याच नकाशावरून बांधतात का?

नाही. मोठ्या धरणांसाठी त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करतात आणि तो तज्ज्ञ समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. क्षेत्र-नकाशा प्रामुख्याने सामान्य इमारतींसाठी असतो.

११. नकाशा वारंवार का बदलतो? आधीचा चुकीचा होता का?

माहिती वाढते म्हणून तो बदलतो आणि कधी कधी तो चुकीचाही ठरलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. तो परिसर त्या वेळच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. तिथे जमिनीवर ओळखू येणारा सक्रिय भ्रंश नव्हता आणि नोंदींतही मोठे काही नव्हते. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द करून दुसऱ्यात विलीन केले गेले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. दख्खनमध्ये एका भ्रंशावर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात आणि आपल्या उपकरणांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या आहेत, ही अडचण कोणत्याही नव्या आवृत्तीने पूर्ण सुटणार नाही.

नवे बांधकाम काढताना त्या दिवशी लागू असलेली आवृत्ती अभियंत्याकडून लेखी नमूद करून घ्यावी. नकाशाशिवाय इतर कलमेही आवृत्तीगणिक बदलतात.

१२. आमचे घर जुने, दगड-मातीचे आहे. पाडावे लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी भिंत पाहा. दीड-दोन फुटांची दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती बऱ्याचदा दोन वेगळ्या थरांची असते आणि मधे चिपा आणि माती भरलेली असते. पाटणजवळच्या एका वस्तीत मी अशी एक भिंत तपासली होती. ओळंबा लावला तर बाहेरचा थर मधोमध जवळजवळ चार बोटे बाहेर आलेला होता आणि घरातल्या म्हाताऱ्या आजी त्याच भिंतीला टेकून बसत होत्या. पुढच्या धक्क्यात आतला थर उभा राहून बाहेरचा ढासळतो किंवा उलटे होते आणि वरचे छप्पर खाली येते.

उपाय माहितीतले आहेत. ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारा दगड किंवा काँक्रीटचा दुवा घालावा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. लिंटेलच्या उंचीवर चारी भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा द्यावा, नव्या घरात तो जोत्याला आणि छपराखालीही द्यावा. कोपरे एकमेकांत गुंतवावेत. आमच्या डोंगरी भागातल्या जुन्या घरांत खांब-तुळईचा लाकडी सांगाडा असतो. तो शाबूत असेल तर फार मोलाचा आहे, भिंत पडली तरी छप्पर तो धरून ठेवतो. वाळवीने खाल्लेला खांबाचा तळ वेळेवर बदलावा आणि घर ‘नवे’ करण्याच्या नादात हा सांगाडा काढून जुन्या भिंतींवर थेट स्लॅब टाकू नये. दगड-मातीच्या भिंतींवर जड स्लॅब, हे मी आजवर पाहिलेल्यांतले सर्वांत धोकादायक रूप आहे आणि ते दरवर्षी वाढत चालले आहे.

१३. खाली मोकळे पार्किंग असलेली इमारत घ्यावी का?

वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आणि तळमजल्यावर नुसते खांब, अशा रचनेत सारी हालचाल तळमजल्याच्या खांबांत एकवटते. अहमदाबादेत पडलेल्या इमारतींत हे ठळकपणे दिसले. अशी इमारत सुरक्षित बांधता येते, पण त्यासाठी खालचे खांब मुद्दाम भक्कम करावे लागतात किंवा तिथे काँक्रीटच्या भिंती द्याव्या लागतात. बिल्डरकडे रचनाकाराचा आराखडा मागा आणि तळमजल्याच्या खांबांसाठी वेगळा हिशेब केला आहे का, एवढे एकच विचारा. उत्तर टाळले जात असेल तर घाई करू नये.

१४. मोबाइलवर “आज रात्री भूकंप” असे संदेश फिरतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. भूकंपाचा दिवस, वेळ आणि जागा आधी सांगण्याची खात्रीची पद्धत जगात कुणाकडेही नाही.

१५. सामान्य माणसाचा या नकाशाला काही उपयोग होऊ शकतो का?

होतो. उपकरणे मोजक्याच ठिकाणी असतात, माणसे मात्र प्रत्येक वाडीत असतात. एका भूकंपात गावोगावी हादरा कसा जाणवला याच्या नोंदी मिळाल्या, तर तो अंतराबरोबर कसा विरला आणि कोणत्या मातीवर वाढला, हे तपासता येते. तिसऱ्या प्रश्नातली समीकरणे अशाच माहितीवर घासून पाहतात. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र नागरिकांकडून अशी माहिती संकेतस्थळावर घेते.

धक्का बसल्यावर आधी माणसे सुरक्षित करा, मग आठवण ताजी असताना लिहून ठेवा. घड्याळातली वेळ, गाव आणि वाडी, तुम्ही कितव्या मजल्यावर होता, बसला होता की झोपेत होता. आवाज आधी आला की हादऱ्याबरोबर. टांगलेला दिवा कोणत्या दिशेने हलला, मांडणीवरची भांडी नुसती वाजली की खाली पडली, भिंतीला नवी भेग गेली असेल तर ती कोपऱ्यातून गेली की खिडकीच्या कोनातून तिरकी वर चढली. घर कशाचे आहे आणि पाया खडकावर आहे की मातीत, हेही लिहा. आणि तुम्हाला काहीच जाणवले नसेल, तर तेही कळवा. सांगलीच्या एखाद्या गल्लीत हादरा जाणवला आणि शेजारच्या गल्लीत जाणवला नाही, ही नोंद त्या दोन गल्ल्यांखालच्या मातीबद्दल बरेच काही सांगून जाते.